‘गाडी अळाकत्तैती री!’

उत्तरायणाला बडोद्याला गेलो होतो. लेक तिकडं दिली त्याला अकरा वर्षं झाली, पण पतंगाच्या दिवसांत जायचा योग कधी आला नव्हता. यंदा सौ.नं नोव्हेंबरातच अजमेरला जाणाऱ्या गाडीचं आरक्षण करून टाकलं आणि मला फक्त तारीख सांगितली. कुंदा, सांडगे, ब्याडगी मिरच्या, नातवासाठी कन्नड गोष्टींची दोन पुस्तकं असं सगळं बिऱ्हाड घेऊन आम्ही बडोद्याच्या फलाटावर उतरलो.

जावई न्यायला आले होते, नवी गाडी घेऊन. नवी म्हणजे त्यांच्या घरात नवी. पहिल्या मालकानं सहा वर्षं वापरलेली. टर्बो इंजिन, रुंद टायर, पुढच्या चाकांत जेवणाच्या ताटाएवढ्या डिस्क. हे तरुणपणापासूनचं त्यांचं वेड. गाडीच्या कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे घडलं त्यात कंपनीचा दोष काडीचाही नव्हता.

स्टेशनाबाहेरच्या पहिल्याच सिग्नलला गाडी थांबता थांबता एक बारीक, कानात सुई घालावी तसा आवाज आला. चीं...! शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला. आमची ही धारवाडची. सुख असो दुःख असो, पहिला शब्द कन्नडच निघणार. म्हणाली, “री, एन् सप्पळ इदु? गाडी अळाकत्तैती!”

गाडी रडतेय! नातू खो खो हसला. जावयांना कन्नड येत नाही, पण सासूबाई आपल्या गाडीबद्दल काहीतरी बोलल्या एवढं त्यांना कळलं. त्यांनी लेकीकडं बघितलं. लेकीनं भाषांतर केलं, तेही हसत हसत. पुढं घर येईपर्यंत आठ सिग्नल लागले आणि आठही वेळा गाडी रडली. जावयांचे कान लाल झाले होते.

या सदरात मी मिक्सर, पाण्याचे पंप, शिलाई मशीन असल्या घरगुती यंत्रांवर लिहीत आलो आहे. वर्कशॉपमध्ये पोरांना शिकवण्यात बत्तीस वर्षं गेली, त्यामुळं आवाज ऐकला की हात शिवशिवतात. पण जावयाच्या गाडीत न विचारता बोट घालू नये, हा आपल्याकडचा रिवाज. मी गप्प बसलो. ही माझी पहिली चूक.

संध्याकाळी गच्चीवर जावयांनीच विषय काढला. “बाबा, एवढी भारी गाडी आणि आवाज असा का?”

म्हटलं, भारी आहे म्हणूनच. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते आणि कॅलिपर नावाचा चिमटा तिला दोन बाजूंनी पॅडनं दाबतो. दाबताना पॅड तबकडीला धरतो, निसटतो, पुन्हा धरतो. ही धर-सूट एका सेकंदात हजारो वेळा होते. त्यात तबकडीचं स्वतःचं कंपन आणि पॅडचं कंपन एकमेकांना साथ द्यायला लागलं की ती तबकडी गाऊ लागते. सारंगीवर गज फिरतो तेव्हा दुसरं काय होतं? गजाला राळ लावतात ती पकड यावी म्हणून. फरक इतकाच की सारंगिया सुरात धरतो आणि ब्रेकचा सूर हजार-दोन हजारांपासून पार पंधरा हजार कंपनांपर्यंत कुठंही लागतो, म्हणून तो कानाला सोसवत नाही.

हे ऐकताना जावयांना मिरज आठवली, म्हणजे मीच आठवण करून दिली. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ बडोद्याच्या दरबारातून बाहेर पडले आणि पुढं मिरजेत स्थिरावले. बडोदेकरांना हे नातं सांगितलं की बरं वाटतं. त्या मिरजेच्या तंबोऱ्यात घोडीवर, तारेखाली एक सुताचा दोरा सरकवतात. दोरा केसभर इकडंतिकडं झाला की सगळा नाद बदलतो. ब्रेकच्या पॅडमागंही तसाच एक पातळ पत्रा असतो, त्याला शिम म्हणतात. एका बाजूला रबराचा थर. तंबोऱ्यातला दोरा नाद खुलवतो, हा पत्रा नाद मारतो, एवढाच फरक. पॅड बदलताना तो जुना पत्रा काढून कोपऱ्यात फेकला की नवीन पॅडसुद्धा दुसऱ्या दिवसापासून ओरडू लागतात.

आता दमदार गाडीचंच हे दुखणं का, ते बघा. दीड टनाची गाडी ताशी शंभर किलोमीटरवरून थांबवली, तर जेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते तेवढ्यात साधारण पावणेदोन लिटर गार पाणी उकळीला येईल. एका थांबण्यात! वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट. एवढी धग सोसायची तर पॅडमध्ये धातूचं प्रमाण जास्त ठेवावं लागतं. असा पॅड तापला की उत्तम पकडतो, पण गावातल्या गावात, अर्धवट ब्रेक दाबत, थंड असताना तो कुरकुरतो. पैलवानाला तालमीत उतरवायचं सोडून दळण आणायला पाठवल्यासारखं.

हा त्रास आजचा नाही. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यांचे पॅड तांब्याचे होते. धातूवर धातू घासून असा काही किंकाळी फोडणारा आवाज यायचा की तो ब्रेक लोकांना नकोसाच झाला. १९०७ च्या सुमारास हर्बर्ट फ्रूड यांनी पॅडला ॲस्बेस्टॉसचं अस्तर लावून तो गप्प केला. त्या ॲस्बेस्टॉसनं पुढं कामगारांच्या फुप्फुसांचं काय केलं ती कहाणी वेगळी आणि वाईट आहे. डिस्क ब्रेकला खरा मान मिळाला तो १९५३ मध्ये, ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार जिंकली तेव्हा.

आणि आपल्या बेळगावकरांना अभिमान वाटावा अशीही एक गोष्ट आहे. ती तबकडी पोलादाची नसते, ती बिडाची असते. आपल्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या शिरोलीत ओततात त्याच करड्या बिडाची. पोलादाच्या पट्टीवर हातोडी मारा, टण्ण करून घुमत राहील. बिडावर मारा, ठप्प! बिडात ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्या असतात, त्या कंपन गिळून टाकतात. उष्णताही बीड छान वाहून नेतं. फौंड्रीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे सांगायला नको, पण आपल्या हातची भट्टी कुठं कुठं पोचते ते त्याच्या पोरांना ठाऊक नसतं.

असो. बोलणं इथं थांबलं. “बघू या रविवारी,” मी म्हटलं. जावई “हो” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कामावरून आले तेव्हा गाडी गप्प होती. फाटकातून आत येऊन थांबली, चूं नाही. “दाखवली एका ठिकाणी,” ते म्हणाले. “दोन मिनिटांत झालं. शंभर रुपये.” सासूबाईंकडं बघून हसलेही. दोन मिनिटांत? चाक न काढता? माझ्या जिभेवर प्रश्न आला होता. पुन्हा तोच रिवाज आडवा आला. ही दुसरी चूक.

सावलीला जायचं मीच काढलं होतं. बडोद्याच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर हे गाव. पिलाजीराव गायकवाडांचा १७३२ मध्ये डाकोरला दग्यानं खून झाला, तेव्हा त्यांचं शव सावलीला आणून इथं अंत्यसंस्कार केले. मोठ्या तळ्याच्या काठावर त्यांच्या आणि मुलगा दमाजीराव यांच्या नावाची दोन देवळं आहेत. पुण्याजवळच्या दावडीचं घराणं, गुजरातेत राज्य उभं केलं, आणि त्याची सुरुवात करणारा माणूस या गावात विसावला. बडोद्यात राजवाडा बघायला सगळे जातात, सावलीला कोण जातो? मला जायचं होतं.

सकाळी समा-सावली रस्त्यानं निघालो. मागं आम्ही दोघं आणि मध्ये नातू, पुढं लेक. दोनदा ब्रेक लागला तेव्हा गाडी किंचित डावीकडं ओढल्यासारखी वाटली. रस्त्याला उतार असेल, अशी मी मनाची समजूत घातली. (बत्तीस वर्षं पोरांना काय शिकवलं मी?) मंजुसरच्या औद्योगिक वसाहतीच्या अलीकडं एकदम म्हशींचा कळप रस्त्यावर आला. जावयांनी ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी डावीकडं झेपावली. रस्त्याच्या कडेनं एक बाई सायकलला दुधाच्या कॅन अडकवून चालत होती. जावयांनी सुकाणू उजवीकडं ओढलं, ब्रेकवर उभेच राहिले म्हणा ना, आणि गाडी तिच्या सायकलीपासून हातभर अंतरावर थांबली. एक कॅन रस्त्यावर पडला. दूध सांडलं, माती प्यायली.

गाडीत कोणी बोललं नाही. नातू आजीला चिकटला होता. ती बाई आधी घाबरली, मग भरपूर बोलली, आणि तिचा सगळा अधिकार होता. दुधाचे पैसे दिले, हात जोडले. ती गेली तेव्हा मी खाली उतरून उजव्या पुढच्या चाकाशी वाकलो. जळक्या तेलाचा वास. चाकाच्या काड्यांमधून डिस्क दिसत होती. पावसात डांबरी रस्त्यावर पेट्रोल सांडलं की जसे मोरपंखी रंग दिसतात तसे तिच्यावर पसरले होते.

आवाज बंद करायला त्या कारागिरानं उजव्या डिस्कवर तेलाचा फवारा मारला होता. पॅड ते तेल पिऊन बसले. डावा ब्रेक पकडतोय, उजवा घसरतोय, मग गाडी डावीकडं फिरणार नाही तर काय? आवाज गेला होता हे खरं. ज्या घर्षणातून तो येत होता ते घर्षणच गेलं होतं.

“हळू हळू नेतो परत,” जावई म्हणाले. या वेळी मात्र मी रिवाज बाजूला ठेवला. “नाही. ही गाडी आता स्वतःच्या चाकांवर एक किलोमीटरही जाणार नाही.” गाडी उचलून नेणारी गाडी बोलावली, एका हॉटेलाच्या आवारात किल्ली ठेवली आणि रिक्षा करून आम्ही सावलीला गेलो. आता इतकं आलोच आहोत तर जाऊ या, असं हिचं म्हणणं. माणसाला हादरा बसला की देवळात बसावं, हा तिचा जुना उपाय.

तळ्याकाठी मोठी झाडं आहेत, गारवा आहे. बायका आणि नातू पाण्याकडं गेले. जावई माझ्या शेजारी बसले आणि बऱ्याच वेळानं म्हणाले, “बाबा, त्यानं तेल मारलं ते मी बघत होतो. बरोबर नाही हे कळत होतं. पण आईंना गाडी रडते वाटलं ना... म्हटलं तुम्ही आहात तोवर चार दिवस तरी गप्प राहू दे.”

काय बोलणार? मी म्हटलं, “दोन मिनिटांत झालं म्हणालात तेव्हाच मला विचारायचं होतं. मीही गप्प बसलो.” मग आम्ही दोघंही पाण्याकडं बघत बसलो. हिला यातलं काही सांगितलं नाही. हा अंक घरी आला की कळेलच.

दुसऱ्या दिवशी मात्र मी हात काळे केले. जावयांच्या माहितीतल्या एका व्यवस्थित वर्कशॉपमध्ये गाडी होती, त्यांनी मला आत उभं राहू दिलं. तेल प्यालेले पॅड धुऊन, भाजून, घासून भरवशाचे होत नाहीत. ते फेकायचेच, आणि एकाच चाकाचे नाही, पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. मूळ रडण्याचं कारणही सापडलं. मागच्या कोणीतरी शिम बसवलेच नव्हते आणि कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक गंजून आखडली होती. चिमटा वाकडा धरायचा, पॅडची एक कड जास्त झिजायची. पिना साफ करून, जास्त तापमानाला टिकणारं ब्रेकचं खास ग्रीस अगदी बोटभर लावलं. पॅडच्या पाठीला आणि कानांना, जिथं ते सरकतात तिथं. घासणाऱ्या तोंडाला ग्रीसचा ठिपकासुद्धा लागता कामा नये. डिस्कच्या काठाजवळ तिची कमीत कमी जाडी कोरलेली असते, ती मापून बघितली; अजून पुरेशी होती. ब्रेक क्लीनरनं दोन्ही डिस्क धुतल्या. तिथला पोरगा हवेच्या पाइपनं धूळ उडवायला निघाला, त्याला थांबवलं. पॅडमध्ये काहीही असू दे, ती धूळ नाकात जायची वस्तू नव्हे. ओल्या फडक्यानं पुसावी.

नवे पॅड बसवले म्हणजे काम संपत नाही. त्यांची आणि डिस्कची ओळख करून द्यावी लागते. पहाटे मोकळ्या रस्त्यावर ताशी साठपर्यंत जायचं, ठाम पण बेतानं ब्रेक दाबून पंधरावर आणायचं, पूर्ण थांबायचं नाही. असं आठ-दहा वेळा. मग ब्रेक न लावता पाच-दहा मिनिटं गाडी चालवून वारा द्यायचा. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलं की पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पुढं पायाखाली धडधड सुरू होते. जावयांनी हे सगळं इतक्या मनापासून केलं की मागं बसून मला डुलकी लागली.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एवढं सांगतो. सकाळी पहिल्या दोन-चार वेळा आवाज येऊन बंद होतो तो रात्रीच्या दवाचा गंज; बीड आहे, ते गंजणारच. पावसाळ्यात खानापूरकडं तर रोजचंच. हलक्या ब्रेकला चीं येते आणि जोरात दाबला की थांबते, तो वर सांगितलेला नाद. डोकं उठवतो, जीव घेत नाही, सवडीनं दाखवा. ब्रेक न दाबता चालत्या गाडीत सतत बारीक किणकिण येत असेल तर चाक काढून बघाच. पुष्कळ पॅडना एक पत्र्याची जीभ असते, पॅड झिजत आला की ती मुद्दाम डिस्कला लागून ओरडते. ती ओरडण्यासाठीच बसवलेली आहे. कधी नुसता खडाही अडकलेला असतो. पॅडचा घासणारा थर तीन मिलिमीटरवर आला की बदलावा. आणि खर्र खर्र असं दगड भरडल्यासारखं ऐकू आलं, तर गाडी तिथंच उभी करा. पॅड संपून लोखंड लोखंडाला भिडलं आहे.

चोर्ला आणि आंबोलीवरून गोव्याला, सावंतवाडीला जाणाऱ्यांनी ब्रेक ऑइलकडं लक्ष द्यावं. ते हवेतली ओल पितं. डॉट ४ जातीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल प्यालेल्याची हमी १५५ अंशांवर येते. उतारावर ब्रेक तापले, ऑइलला बुडबुडे आले, की पेडल स्पंजासारखं खाली जातं. दोन वर्षांनी बदलून घ्यावं आणि घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहावं. आमच्या ट्रकवाल्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही.

सावलीची एक गंमत सांगायची राहिली. ज्या गावात आमचा ब्रेक दगा देणार होता, त्याच्याच परिसरात रेल्वेचे डबे बांधणारा मोठा कारखाना आहे. आधी बॉम्बार्डियरचा, २०२१ पासून आल्स्टॉमचा. दिल्ली मेट्रोचे डबे २००९ पासून इथून गेले, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या पंचाहत्तर गाड्याही इथंच बांधल्या. मेट्रोचा बराचसा ब्रेक विजेचा. थांबताना मोटरचं जनित्र होतं आणि वीज परत तारेत जाते. पॅडना थोडंच काम उरतं. विजेवरच्या मोटारींतही हेच तत्त्व. पण त्यांची वेगळीच तक्रार: पॅड वापरलेच जात नाहीत, डिस्क गंजतात, आणि मग त्यासुद्धा ओरडतात!

परत येऊन तीन आठवडे झाले. परवा सकाळी जावयांचा फोन आला. हल्ली ते हिच्याशी दोन-चार कन्नड शब्द बोलतात, नातू शिकवतो. “अत्ती, गाडी सकाळी दोनदा रडते आणि मग गप्प होते.” हिनं फोन माझ्याकडं दिला.

“रात्री बाहेर उभी असते का?”

“हो, गच्चीखाली जागा नाही ना.”

“मग दव आहे ते. रडू दे.”

मागून ही ओरडून सांगत होती, दवाला ‘इब्बनी’ म्हणतात म्हणावं त्यांना.